चौथ्या मजल्यावरचे पहिले हॅम रेडिओ स्टेशन : सेटच्या आधी अँटेना, केबल आणि अर्थिंग

तुमचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी स्टेशन चालवण्याचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा (सुरुवातीच्या श्रेणीचा) परवाना आला, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. तुम्ही लिहिले आहे की ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या सात मजली इमारतीत तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता, घरात चार वर्षांची मुलगी आहे, आणि पहिले स्टेशन उभारण्यापूर्वी तुम्हाला चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : सेट (बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ) कोणता घ्यावा, गच्चीवर अँटेना लावली तर वीज पडण्याचा धोका किती, वायरमनने सुचवल्याप्रमाणे सेटची अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला जोडावी का, आणि सोसायटीतल्या लोकांनी रेडिएशनबद्दल विचारले तर काय सांगावे.

प्रश्न चार असले तरी त्यांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. हॅम रेडिओच्या सुरक्षिततेबद्दल जे वाचायला मिळते, त्यातले बरेचसे स्वतःचे घर आणि भोवती अंगण असलेल्या माणसासाठी लिहिलेले असते. खिडकीबाहेर जमिनीत रॉड ठोका, परसात खांब उभा करा, केबल जमिनीलगत आणून घरात घ्या, असा तो सल्ला असतो आणि त्या घरासाठी तो योग्यच असतो. तुमची जमीन मात्र बारा मीटर खाली आहे, गच्ची सगळ्या सभासदांची आहे, आणि अँटेना व सेट यांच्यामध्ये इतरांचे तीन मजले आहेत. तोच सल्ला तुमच्याकडे जसाच्या तसा उतरवला, तर काही ठिकाणी तो निरुपयोगी ठरतो आणि एक-दोन ठिकाणी धोका वाढवतो. म्हणून पुढे जे लिहितो आहे, ते फ्लॅटमधल्या स्टेशनापुरते आहे. नेरुळ-बेलापूरकडच्या रो-हाऊसमध्ये किंवा येऊरच्या पायथ्याशी स्वतंत्र घरात राहणाऱ्यांनी अर्थिंगचा भाग वेगळा धरावा.

सेटचा प्रश्न आधी संपवतो, कारण चारही प्रश्नांत तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. माझे मत असे की पहिले स्टेशन दोन मीटर बँडचे, म्हणजे सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरींचे असावे, भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले, आणि सेट गाडीत बसवायच्या प्रकारचा असावा, ज्याची शक्ती पाच-दहा वॉटपर्यंत खाली आणता येते. परवान्यावर दिलेले बँड आणि शक्तीची मर्यादा पाहून मगच खरेदी करा, बिल जपून ठेवा, आणि परवान्याची प्रत नेहमी सेटजवळ राहू द्या. हातातला स्वस्त वॉकीटॉकीसारखा सेट मोह पाडतो. ऐकायला आणि सरावाला तो चांगलाही असतो. पण आरसीसी इमारतीच्या आतून, सळयांच्या जाळीतून, त्याचा आवाज फार दूर जात नाही. तुमच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत आणि त्यापलीकडे बोरिवली. दोन मीटरच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे खिडकीतून जे ऐकू येईल ते त्या खिडकीच्या दिशेचेच असेल. एचएफ बँडची, म्हणजे दूरदेशी पोहोचणाऱ्या लांब लहरींची, ओढ तुम्हाला असणार, तशी ती प्रत्येकाला असते. परंतु ७ मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल (लहरीच्या निम्म्या लांबीची, मध्ये जोडलेली तारेची अँटेना) सुमारे वीस मीटर लांबीचा होतो, तर दोन मीटर बँडची पाव-तरंग अँटेना जेमतेम अर्ध्या मीटरची असते. गच्चीवर पहिल्यांदा जाताना हातात अर्धा मीटरची वस्तू असणे सोसायटीच्या दृष्टीने आणि तुमच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने, दोन्हीकडून बरे. त्या लहान अँटेनेवर केबल, अर्थिंग आणि विजेची शिस्त एकदा बसली, की वीस मीटरची तार हा फक्त पुढचा टप्पा राहतो.

सेटमध्ये वाचलेले पैसे केबलमध्ये घाला. गच्चीपासून तुमच्या खोलीपर्यंत, वळणे धरून, पंचवीस मीटर तरी केबल लागेल. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ जातीची बारीक केबल एवढ्या अंतरात सुमारे पाच डेसिबल खाते. म्हणजे सेटमधून दहा वॉट निघाले, तर अँटेनेपर्यंत तीनच्या आसपास पोहोचतात, आणि ऐकू येणारा क्षीण आवाजही त्याच प्रमाणात घटतो. आरजी-२१३ ही जाड केबल घेतली तर दहातले सहा वॉट वर जातात. अनेक नवे हॅम ही घट भरून काढण्यासाठी सेटची शक्ती वाढवतात. मग वीजपुरवठा मोठा लागतो, तारा जाड लागतात, उष्णता वाढते, आणि धोक्याचे प्रत्येक गणित पुन्हा मांडावे लागते. चांगल्या केबलवर कमी शक्ती वापरणे हा माझ्या दृष्टीने सुरक्षिततेचा पहिला निर्णय आहे. गच्चीवरच्या जोडावर आपोआप एकजीव होणारी रबर टेप गुंडाळून त्यावर साधी काळी टेप चढवा, आणि केबल खिडकीतून आत येण्यापूर्वी तिला खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न येता बाहेरच ठिबकेल. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात उघडा राहिलेला एक जोडसुद्धा अख्खी केबल निकामी करू शकतो. खाडीलगत, म्हणजे ऐरोली, वाशी, कळवा या बाजूला, खारी हवा नटबोल्टही खाते, म्हणून तिथे स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत.

आता घरातली वीज. सेट १३.८ व्होल्ट डीसीवर चालतो, आणि तेवढ्या व्होल्टेजचा झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. या बाजूचा धोका झटक्याचा नसून आगीचा आहे. पन्नास वॉटवर असा सेट दहा-बारा अँपिअर घेतो, आणि मागे बॅटरी असेल तर शॉर्ट झाल्यावर तिच्यातून शेकडो अँपिअर वाहतात; तार लाल होऊन इन्सुलेशन पेटायला काही क्षण पुरतात. त्यामुळे फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळच असला पाहिजे. तो सेटच्या टोकाला असेल, तर मधली तार उघडीच राहते. सेटबरोबर आलेल्या वायरवर धन आणि ऋण दोन्ही बाजूंना फ्यूज असतात, ते काढून टाकू नका. तार वाढवायची झाल्यास दोन मीटरपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वापरा. एक चौरस मिलिमीटरची वापरली तर पूर्ण शक्तीवर पाऊण व्होल्टहून अधिक तारेतच जातो आणि तार गरम होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली, तेव्हापासून बॅटरीवर चालणाऱ्या स्टेशनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तरीही पहिले काही महिने चांगल्या पॉवर सप्लायवर (घरच्या विजेचे १३.८ व्होल्ट डीसी करणाऱ्या पेटीवर) काढा आणि बॅटरी नंतर आणा. ती लेड-ॲसिड प्रकारची असेल, तर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून बंद कपाटात किंवा मुलीच्या खोलीत ती ठेवायची नाही.

२३० व्होल्टच्या बाजूला दोनच गोष्टी पाहायच्या, पण त्या टाळता येण्यासारख्या नाहीत. तुमच्या घराच्या डीबीमध्ये (फ्यूज-स्विचांच्या मुख्य पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आहे का, आणि तुम्ही ज्या प्लगला पॉवर सप्लाय लावणार त्याच्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थ पोहोचतो का. जुन्या इमारतींत सॉकेट तीन पिनांचे असते, पण हिरवी तार मागे कुठेच जोडलेली नसते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. याचे एक लक्षण ओळखून ठेवा. स्विच-मोड पॉवर सप्लायमध्ये विद्युत खरखर गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या पेटीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ तुटलेली असेल, तर पेटीवर मेन्सच्या साधारण निम्मे, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात आणि माणूस दुर्लक्ष करतो. पण सेटची पेटी, केबलच्या आतले धातूच्या जाळीचे वेष्टण आणि गच्चीवरचा खांब हे सगळे विजेच्या दृष्टीने एकच आहेत. खालच्या सप्लायमध्ये उद्या खरा बिघाड झाला, तर गच्चीवर ओल्या पायाने खांबाला हात लावणाऱ्याला तो भोगावा लागेल. झिणझिण्या आल्या की स्टेशन बंद, आणि अर्थ दुरुस्त झाल्यावरच पुन्हा चालू, हा नियम ठेवा. तपासणी परवानाधारक वायरमनकडून, अर्थ टेस्टर लावून करून घ्या.

यातूनच नळाच्या पाइपाच्या सल्ल्याचे उत्तर निघते : जोडू नका. आजच्या इमारतींत पाण्याचे पाइप बहुतेक प्लास्टिकचे असतात, आणि बाथरूममधला एखादा तुकडा लोखंडी असला तरी तो जमिनीपर्यंत सलग पोहोचतो याची कोणतीही खात्री नसते. बिघाड झाला तर तुम्ही तुमचा धोका खालच्या मजल्यावरच्या नळापर्यंत नेऊन ठेवाल. पाइप गॅसच्या नळीला तर कोणत्याही कारणाने तार जोडायची नाही.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण फ्लॅटमधल्या स्टेशनांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अर्थ हा एक शब्द आपण तीन वेगळ्या कामांसाठी वापरतो. पहिले काम विजेच्या बिघाडापासून माणसाला वाचवण्याचे. ते तुमच्या डीबीतली हिरवी तार करते आणि मीटर रूमपर्यंतची तिची लांबी त्या कामाला पुरते. दुसरे काम आकाशातल्या विजेला जमिनीपर्यंत नेण्याचे. तिसरे काम रेडिओ लहरींचे : काही अँटेनांना स्वतःच्या दुसऱ्या अर्ध्याच्या जागी जमीन लागते. पुस्तकात वाचून नवा हॅम या तिसऱ्या कामासाठी खिडकीतून एक लांब तार खाली सोडतो आणि झाडाच्या वाफ्यात रॉड ठोकतो. चौथ्या मजल्यावरून ही तार अकरा-बारा मीटरची होते. ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर, तिचा चौथा भाग साडेदहा मीटर. पाव तरंग लांबीची तार एका टोकाला जमिनीला जोडली, की दुसऱ्या टोकाला, म्हणजे तुमच्या टेबलापाशी, ती त्या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ तुटल्यासारखी वागते. ज्या तारेवर भिस्त ठेवली ती लहरींच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. उलट ती स्वतःच अँटेना होऊन तीन मजल्यांच्या खिडक्यांशेजारून लहरी पसरवत जाते, आणि शेजारचा टीव्ही थरथरतो किंवा माइक ओठाला लागताच चटका बसतो.

उपाय असा की ज्या अँटेनेला जमीन लागतच नाही, तीच निवडायची. दोन मीटरसाठी स्वतःचे आडवे दांडे असलेली ग्राउंड प्लेन अँटेना किंवा जे-पोल (इंग्रजी J आकाराची अँटेना), आणि पुढे एचएफवर गेलात तर मधून केबल जोडलेला डायपोल; दोन्ही वेळी अँटेनेजवळ केबलवर फेराइटचा (चुंबकीय पदार्थाच्या कड्यांचा) चोक लावायचा, म्हणजे केबलच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून लहरी परत घरात येत नाहीत. मग उरतात पहिली दोन कामे, आणि त्यांच्यासाठी माझे एकच तत्त्व आहे : इमारतीत अर्थची दोन स्वतंत्र टोके करायची नाहीत. डीबीची अर्थ एक आणि तुम्ही ठोकलेला रॉड दुसरा, असे झाले की जवळ वीज कोसळताना त्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो फरक भरून निघण्याचा मार्ग तुमच्या टेबलावरच्या सेटमधून जातो.

हा आकडा अतिशयोक्ती वाटू नये म्हणून हिशेब देतो. सरळ तारेच्या प्रत्येक मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंट बदलताना होणारा विरोध) असतो. विजेच्या झोतात एका मायक्रोसेकंदात दहा हजार अँपिअरची वाढ सहज होते. म्हणजे तारेच्या दर मीटरमागे दहा हजार व्होल्ट. तार कितीही जाड घेतली तरी हा आकडा फारसा उतरत नाही, कारण तो जाडीपेक्षा लांबीवर अवलंबून आहे. म्हणूनच विजेचा लोंढा घरात शिरण्याआधीच गच्चीवर वळवायचे असते, खोलीत आल्यावर त्याला बांध घालता येत नाही.

तेव्हा गच्चीवर सर्वांत आधी इमारतीला वीजरोधक आहे का ते पाहा. लिफ्टच्या खोलीवर टोकदार दांडा आणि तिथून भिंतीलगत खाली जाणारी तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी दिसली, तर सोसायटीकडून तिची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. कित्येकदा रंगकामात पट्टी कापली जाते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पट्टी शाबूत असेल, तर अँटेनेचा खांब आणि केबलचा गॅस-ट्यूब असलेला अरेस्टर (विजेचा धक्का जमिनीकडे वळवणारे उपकरण) तिथेच, गच्चीवर, कमीत कमी लांबीच्या पट्टीने तिला जाणकाराकडून जोडून घ्यायचा. अँटेनेचे टोक वीजरोधकाच्या टोकापेक्षा खालीच राहिले पाहिजे. पुस्तकात अरेस्टर घराच्या प्रवेशापाशी लावायला सांगतात, ते तळमजल्यासाठी बरोबर आहे; चौथ्या मजल्याच्या खिडकीत तो लावून डीबीच्या बारीक हिरव्या तारेला जोडला, तर तुम्ही त्या प्रचंड झोताला घरातून जाणारा रस्ता आखून देता. इमारतीला वीजरोधक नसेल किंवा त्याची अवस्था संशयास्पद असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की कायमची अँटेना लावूच नये. वापरताना उभी करायची, काम झाले की उतरवायची. दोन मीटरच्या हलक्या अँटेनेला हे सहज जमते.

अरेस्टर लावला तरी तो थेट पडलेल्या विजेपासून सेट वाचवील असे समजू नका; जवळपास पडलेल्या विजेने केबलमध्ये येणारा धक्का तो सौम्य करतो, एवढेच. खरे संरक्षण वेळेवर केबल काढण्यात आहे. आपल्याकडे विजांचा जोर मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात असतो. जुलैच्या संततधारेत तो तुलनेने कमी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने काढलेले ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, ते परिसरातल्या विजांची सूचना देते. गडगडाट दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो, म्हणजे तो ऐकू आला तेव्हा तुम्ही आधीच टप्प्यात आलेले असता, आणि त्या वेळी केबलला हात लावायचा नाही. म्हणून केबल गडगडाटानंतर काढायची नसून, वापर संपला की दरवेळी काढायची, हीच सवय लावा. केबल काढून तिचे टोक टेबलामागे सोडून देणे पुरेसे नाही. खिडकीबाहेर पाऊस न लागणारी एक छोटी पेटी बसवा, जोड तिथे ठेवा, आणि सुटलेले टोक पेटीतच राहू द्या. पॉवर सप्लायचा प्लग आणि सेट संगणकाला जोडला असेल तर तीही तार काढा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्यावरच पुन्हा जोडायचे.

इतके विजेबद्दल लिहिले, तरी अँटेना उभारताना माणसे दगावतात ती मुख्यतः दोन कारणांनी : तोल जाऊन पडणे आणि खांब किंवा तार विद्युत वाहिनीला लागणे. कठड्यावर उभे राहून काम करायचे नाही, लिफ्टच्या खोलीच्या छतावर एकट्याने चढायचे नाही, ओल्या गच्चीवर तर नाहीच. कठड्याबाहेर वाकण्याची वेळ येईल असे काम सेफ्टी बेल्टसह सवयीच्या माणसाला द्यावे. अँटेनेची जागा ठरवताना असा विचार करा की खांब बुडातून मोडला आणि कोणत्याही दिशेला पडला, तर तो कशाला लागेल. जवळपास वीजवाहिनी असेल, तर खांब आणि अँटेना यांच्या एकूण उंचीच्या दुप्पट तरी अंतर मी सोडतो. आणि रस्त्यापलीकडच्या झाडावर किंवा इमारतीवर तार फेकण्याचा विचारही करू नये. आपल्या भागाचा मूळ वाऱ्याचा वेग भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. तो सोसावा म्हणून खांब लिफ्टच्या खोलीच्या भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्पने धरा. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला किंवा सोलर हीटरच्या सांगाड्याला तो बांधू नका, आणि गच्चीच्या स्लॅबला ड्रिल मारू नका. वॉटरप्रूफिंगला पडलेले एक भोक सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाशी असलेले तुमचे संबंध कायमचे बिघडवू शकते. गच्ची वापरणारी इतर माणसेही डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात तिथे पापड-कुरडया वाळतात, संक्रांतीला मुले पतंग उडवतात, आणि मोकळा खांब दिसला की त्याला कपड्यांची दोरी बांधली जाते. डायपोल लावाल तेव्हा त्याची टोके हात पोहोचणार नाही इतकी उंच ठेवा, कारण प्रसारण चालू असताना सर्वांत जास्त व्होल्टेज टोकांनाच असते, आणि शंभर वॉटला ते हजारांत जाऊ शकते.

उलवे-पनवेलच्या बाजूला नव्या विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर निर्बंध आहेत, आणि कोलशेतला हवाई दलाचा तळ आहे. तुमची इमारत अशा ठिकाणाजवळ असेल, तर गच्चीवरचा खांबही उंचीत धरला जातो हे लक्षात घेऊन आधी चौकशी करा.

आता रेडिएशन. शेजारी विचारतील तेव्हा चिडू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइलचा टॉवर असतो, आणि आपल्या मुलांची काळजी करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. ‘काही होत नाही’ असे सांगण्याऐवजी कागदावर हिशेब दाखवा. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनीकरण करणाऱ्या नसतात. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा आहे, आणि आयसीएनआयआरपी या रेडिएशन-संरक्षण आयोगाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेनुसार या पट्ट्यात सामान्य लोकांसाठी दर चौरस मीटरला दोन वॉट ही मर्यादा आहे. अँटेनेपर्यंत दहा वॉट पोहोचले आणि अँटेना त्यांना एका दिशेत चौपट करते असे धरले, तर त्या दिशेतली शक्ती चाळीस वॉट. ती गोलाकार पसरते असे मानून भागाकार केला, की अँटेनेपासून साधारण सव्वा मीटरवर ती या मर्यादेत येते. गच्चीच्या पृष्ठभागावरून होणारे परावर्तन सर्वांत वाईट धरले, तर अंतर दुप्पट, म्हणजे अडीच मीटर. पन्नास वॉटला हेच अंतर साडेपाच मीटरच्या थोडे पुढे जाते. मोबाइल टॉवरसाठी भारताने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक दशांश स्वीकारला आहे. तो नियम हौशी स्टेशनासाठी केलेला नसला तरी मी स्वतः तोच पाळतो : परावर्तन बाजूला ठेवून दहा वॉटला चार मीटर, पन्नास वॉटला नऊ मीटर. लिफ्टच्या खोलीवर तीन मीटरच्या खांबावर अँटेना बसवली आणि शक्ती दहा वॉट ठेवली, तर गच्चीवर उभा असलेला माणूस बहुतेक ठिकाणी या अंतराबाहेरच असतो. शिवाय उभी अँटेना खालच्या दिशेला फार कमी देते आणि आपण बोलत असतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ ऐकत असतो. याच हिशेबाने बाल्कनीच्या कठड्यावर अँटेना लावून आत पन्नास वॉटवर बोलणे मला मान्य नाही, कारण तिथे तुमची मुलगी आणि शेजारच्यांची खिडकी दोन्ही त्या अंतरात येतात. हातातला सेट बोलताना चेहऱ्यापासून दोन-तीन इंच दूर धरा आणि त्याची अँटेना डोळ्यांजवळ आणू नका.

सोसायटीकडे अर्ज करताना हा हिशेब, परवान्याची प्रत, अँटेनेचे वजन आणि उंची, ती कुठे आणि कशी धरली जाईल याचे छायाचित्र, केबल कोणत्या डक्टमधून येईल आणि समितीने सांगितल्यास ती स्वखर्चाने काढून घेण्याची तुमची तयारी, एवढे सगळे एका पानावर लिहा आणि परवानगी लेखीच घ्या. तोंडी होकार पुढच्या समितीला बांधील नसतो. कोणाच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये तुमचा आवाज येत असल्याची तक्रार आली, तर तत्काळ प्रसारण थांबवून त्यांच्या घरी जा. बहुतेक वेळा शक्ती कमी करणे आणि त्यांच्या तारेवर फेराइटचा तुकडा बसवणे एवढ्याने ती मिटते.

हे सगळे झाल्यावर पहिल्या प्रसारणाचा क्रम असा ठेवा. आधी सेटला अँटेनेऐवजी ५० ओहमचा डमी लोड (लहरी न पसरवता शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) जोडून सगळी बटणे ओळखीची करून घ्या. अँटेना किंवा डमी लोड न जोडता बोलण्याचे बटण दाबायचे नाही, नाहीतर शेवटचे ट्रान्झिस्टर जळू शकतात. मग अँटेना जोडून, सर्वांत कमी शक्तीवर, रिकामी फ्रिक्वेन्सी असल्याची खात्री करून आणि आपला व्हीयू ३ ने सुरू होणारा कॉल साइन (परवान्यावरचे ओळखचिन्ह) उच्चारून एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून किती शक्ती परत येते याचे माप) मोजा. तो दीडच्या आत असेल तर उत्तम, दोनच्या पुढे असेल तर शक्ती वाढवू नका, जोड तपासा. त्यानंतर काही दिवस नुसते ऐका. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जात असताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर लावून पाहा. ते तेव्हा प्रसारण करत असेल तर तुमची अँटेना आणि केबल किती चांगली आहे हे तुम्हाला एका फेरीत कळेल. मुंबई ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटीसारख्या संस्थेतल्या जुन्या हॅमला एकदा गच्चीवर बोलावून जोडणी दाखवली, तर त्याचा उपयोग माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा जास्त होईल.

मुलीचा विचार करून एक शेवटची सूचना. सेटच्या पॉवर सप्लायला टेबलावर हाताशी येईल असा एकच मुख्य स्विच ठेवा आणि तो बंद केल्यावर सगळे स्टेशन मृत होते हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवा. लॉगबुक तुम्हाला नियमाने ठेवायचेच आहे. त्याच्या शेवटच्या पानावर पहिल्या दिवशीचा एसडब्ल्यूआर लिहा, आणि दरवर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा तो पुन्हा मोजा. आकडा बदलला असेल, तर केबलमध्ये पाणी गेले आहे किंवा वरचा एखादा जोड गंजला आहे असे समजून, गच्चीवर जाऊन तो शोधेपर्यंत पूर्ण शक्ती वापरू नका.